माझ्या पार्किंगमधला बंब

तुम्ही आयोवाच्या जत्रेतून पाठवलेला फोटो माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. एका जुनाट ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकाला टेकून तुम्ही दोघं उभे आहात, आणि फोटोच्या मागे लिहिलं आहे, "आजी, असला ट्रॅक्टर तू कधी पाहिला नसशील." पाहिला आहे. नुसता पाहिला नाही, रॉकेलच्या फडक्याने पुसला, त्याच्यासाठी अख्ख्या सोसायटीशी भांडले आणि शेवटी माझ्या पार्किंगच्या जागेत उभा केला. तुमच्या आईने ही हकीकत सांगितली असेल तर हसत हसत सांगितली असेल. मी ती क्रमाने सांगते.

नव्वदच्या दशकात मी शाळेतून निवृत्त झाले आणि आम्ही घणसोलीला राहायला आलो. जुनं गाव आमच्या सोसायटीच्या भिंतीला खेटून होतं. अलीकडे आमच्या नव्या इमारती, पलीकडे एकमेकांच्या अंगावर रेललेली घरं. आमच्या इमारतींखालची जमीन पूर्वी त्याच घरांची होती. खाडीला बांध घालून केलेली भातखाचरं, कडेला थोडी मिठागरं. नवं शहर वसवायला सरकारने ती घेतली. बिल्डर भिंत घालायला आला तेव्हा प्लॉटच्या कोपऱ्यात एक लोखंडी धूड उभं होतं. ते हलवायला क्रेन लागली असती, म्हणून त्याने ते आत ठेवूनच भिंत बांधली. फ्लॅटबरोबर आम्हाला पाण्याची टाकी मिळाली, पंपरूम मिळाली आणि ते धूडही मिळालं.

मागे माणसाच्या छातीएवढी दोन लोखंडी चाकं, त्यांच्यावर पाचरीसारखे दात. रबर कुठेच नाही. मध्ये पाण्याची उघडी टाकी, बाजूला एक जड गोल चाक, आणि बसायला भोकं पाडलेली लोखंडी परात. गाव त्याला "बंब" म्हणे. न्हाणीघरात पाणी तापवायला पूर्वी तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत लाकडं पेटवायची, भोवतालचं पाणी तापायचं. आमच्या सोसायटीतल्या लोकांनी बंब हे नाव ऐकलं आणि ठरवून टाकलं की हे वाफेचं इंजिन. काहींच्या मते रोडरोलर.

आम्ही आलो त्या वर्षीच्या खंडेनवमीला, म्हणजे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा असते त्या दिवशी, भिंतीच्या फटीतून एक म्हातारी आत आली. काटक, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत कसलेलं लुगडं. बरोबर दोन सुना. त्यांनी बंबाला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, सांध्यासांध्यात तेल सोडलं. मग तिघींनी बाजूच्या गोल चाकाला हात लावले आणि ते सावकाश फिरवलं. याला त्या फेरा म्हणत. चाक फिरताना आतून उसासा टाकावा तसा हवेचा आवाज आला.

गावात सगळे तिला बाय म्हणत, मीही म्हणू लागले. ती मला मास्तरीनबाय म्हणे. बंब तिच्या सासऱ्यांचा. मिठागराच्या शेठने तो बोटीतून आणवला होता, बांधाची माती ओढायला. शेठने मिठागर सोडलं तेव्हा बंब चालवणाऱ्या माणसालाच देऊन टाकला. सासऱ्यांनी त्याच्यावर खाचरं नांगरली, पट्टा लावून भात भरडलं. ते गेल्यावर बंब बंद पडला. बायच्या नवऱ्याने एकदा त्याच्या पोटाखाली लाकडं पेटवून पाहिली होती.

"बंबच नं तो," बाय म्हणाली. "मंग पेटवनार न्हाय तं काय करनार? धूर झाला, शेंगदानं भाजून खाल्ली पोरांनी, नि झालं."

आमचे चेअरमन साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात कांद्याबटाट्याचा व्यापार. माणूस वाईट नव्हता, पण मोकळी जागा दिसली की त्यांना तिथे आपला टेम्पो दिसायचा. त्यांनी जासईच्या एका भंगारवाल्याशी बोलणं केलं. तो क्रेन घेऊन येणार, बंब तिथेच तोडून नेणार. मी सोसायटीची सेक्रेटरी होते. मला हे पंपरूमच्या वॉचमनकडून कळलं.

मी बायकडे गेले. ती सुके बोंबील निवडत होती. ऐकून घेतलं आणि निवडतच राहिली. मान वर न करता म्हणाली, "जमीन कागदावर होती, ती कागदावरच गेली. ह्यो लोखंडाचा हाय. ह्यो कसा नेतील?"

नेतील, मी म्हटलं. तोडून नेतील.

तिच्या मुलाने लगेच तोड काढली. बंबाला शेंदूर फासायचा, वर झेंडा, पुढे घंटा. मग कुणाची हात लावायची छाती आहे? त्या काळात नवी मुंबईत अशी देवळं रातोरात उभी राहत होती, आणि खरं सांगते, उपाय अचूक होता. मी काही बोलायच्या आत बायनेच त्याला उडवून लावलं. "देव केला तं फेरा कसा घालायचा? देवाला कोन फिरवतं?"

मला त्या दिवसापासून ती आपलं माणूस वाटू लागली. यंत्र फिरलं पाहिजे हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्या सोसायटीत पार्किंगचा एक नियम होता. प्रत्येक फ्लॅटला एक जागा. मात्र तिथे चालू स्थितीतलंच वाहन उभं करता येईल. हा नियम मीच लिहिला होता, कारण एका गृहस्थांनी चाकं काढलेली मोटार विटांवर चढवून ठेवली होती आणि तिच्यात मांजरी व्यायल्या होत्या. तुमच्या आजोबांनी गाडी घ्यायचं कधी मनावर घेतलं नाही, त्यामुळे आमची जागा रिकामी होती. मला नियम मोडायची सवय नाही. नियम वाचायची आहे.

सर्वसाधारण सभेत मी उभी राहिले आणि म्हटलं की कोपऱ्यातला ट्रॅक्टर मालकिणीच्या संमतीने मी माझ्या जागेत उभा करणार आहे.

सभेत हशा पिकला. चेअरमन म्हणाले, "मॅडम, आमच्या गावाकडं घरचा ट्रॅक्टर हाय. मला ट्रॅक्टर शिकवू नका. ह्याला रबर कुठंय? ह्यो वाफेवरचा रोलर, इंग्रजांच्या टायमाचा."

मला हीच अपेक्षा होती. मधल्या काळात मी फोर्टातल्या एका इंग्रजी लायब्ररीत जाऊन बसले होते. सुरुवातीला मलाही तो वाफेचाच वाटला होता. पण वाफेच्या इंजिनाला बॉयलर हवा, भट्टी हवी, धुराडं हवं, आणि याच्या अंगावर त्यांतलं काहीच नव्हतं. उलट इंधनाच्या दोन टाक्या होत्या, एक मोठी आणि एक पावशेर दुधाच्या भांड्याएवढी. या लहान टाकीने मला पुढचं सगळं वाचायला लावलं.

सभेत मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते, कारण ती तुमच्याच राज्याची गोष्ट आहे. अमेरिकेत शेतावर आधी वाफेची इंजिनं आली. ती हत्तीसारखी जड. ओल्या जमिनीत रुतायची, लाकडी पूल त्यांच्याखाली मोडायचे, ठिणगी उडाली की गवताची गंजी पेटायची. सकाळी काम सुरू करायचं तर उजाडायच्या आधी उठून भट्टी पेटवावी लागे; एक माणूस इंजिनाला, एक जळणाला, एक पाण्याच्या गाडीला. मग आयोवातल्या एका खटपट्या माणसाने वाफेच्या इंजिनाच्या सांगाड्यावर पेट्रोलचं इंजिन बसवलं. ते पुढेही गेलं आणि मागेही आलं. त्याने कारखाना काढला, दोन यंत्रं विकली आणि दोन्ही परत आली. इथे सभेत पुन्हा हशा झाला. होऊ दिला. मी वर्गात आयुष्य काढलं आहे.

पुढे त्याच राज्यातल्या दुसऱ्या एका कारखान्याने असली यंत्रं बांधायचा धंदाच सुरू केला. त्यांचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, पेट्रोलवर चालणारं ओढणारं इंजिन अशा अर्थाचं. जाहिरातीत ते मावेना, म्हणून कारखान्याच्या विक्री बघणाऱ्या माणसाने ते छाटून "ट्रॅक्टर" केलं. ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा. या शब्दात रबर नाही, लाल रंग नाही. विहिरीवर मोट ओढणारा बैलही त्या अर्थी ट्रॅक्टरच. मग लोहार, मळणीयंत्रवाले, सायकलवाले, जो तो ट्रॅक्टर बनवायला लागला. पुष्कळ कारखाने निघाले, पुष्कळ बुडाले, आणि काहींनी शेतकऱ्यांच्या गळ्यात असलं काही बांधलं की ते बांधापर्यंतही पोचेना. शेवटी एका राज्याने कायदाच केला की आधी चालवून दाखवा, मगच विका.

"आमचाबी त्योच कायदा," चेअरमन म्हणाले. "चालवून दाखवा, मॅडम. रविवारी भंगारवाला येतोय. त्याच्या आधी चालला तर तुमचं पार्किंग. नाय चालला तर त्याची क्रेन."

मी म्हटलं, इतिवृत्तात लिहा. सेक्रेटरी मीच होते, म्हणून मीच लिहिलं.

घरी आल्यावर तुमच्या आजोबांनी फक्त एवढंच विचारलं की आता काय. मी त्यांना चहा करायला सांगितलं.

बायचा एक भाचा न्हावा शेव्याच्या बंदरावर येणाऱ्या ट्रेलरची इंजिनं दुरुस्त करायचा. जासईच्या यार्डाशेजारी त्याचं गॅरेज. तो मोटरसायकलवरून आला, बंबाभोवती फिरला आणि म्हणाला, "टीचर, हे म्युझियमवालं काम आहे, पण इंजिन जाम नाही. चमत्कार आहे." मी म्हटलं चमत्कार नाही, दर वर्षीचा फेरा आहे. खाडीच्या खाऱ्या हवेत एवढी वर्षं उभं असलेलं यंत्र केव्हाच गंजून एकजीव झालं असतं. दर खंडेनवमीला तेल मिळालं आणि चाक फिरलं, म्हणून ते जिवंत राहिलं. ठिणगी पाडणारा डबा त्याने उघडून साफ केला, झडपा घासल्या, नळ्या बदलल्या.

लहान टाकीचं कोडं मी लायब्ररीत सोडवलं होतं. अशी इंजिनं रॉकेलवर चालत, पण थंड असताना रॉकेलवर सुरू होत नसत. आधी थोडं पेट्रोल द्यायचं, इंजिन तापलं की रॉकेलवर घ्यायचं. मी हे सांगितलं तेव्हा बाय एकदम हसली. सासरे आधी एका बाटलीतून बंबाला "दवा" पाजायचे आणि ती बाटली घरात कुणाला शिवू देत नसत. घरच्यांना वाटायचं दारू आहे.

रविवारी सकाळी सगळी सोसायटी खाली. गॅलऱ्यांतून माणसं, भिंतीवर गावची पोरं. भंगारवाल्याची क्रेन गेटाबाहेर उभी, ड्रायव्हर बिडी ओढत बसलेला. मोठ्या टाकीत बायच्या रेशनचं रॉकेल, मधल्या टाकीत पाणी. पेट्रोल आणलेला डबा भाच्याच्या हातून कोपऱ्यावर लवंडला होता, त्यामुळे पेट्रोल कमी पडलं. चेअरमननी आपल्या स्कूटरमधून काढून दिलं. "घ्या. उगं म्हणाल, चेअरमननं आडवलं."

भाच्याने चाक फिरवलं. उसासा आला, पण पुढे काही नाही. पुन्हा फिरवलं. मग सुना आल्या, मुलगा आला, सगळ्यांनी आलटून पालटून फिरवलं. चेअरमननी घड्याळ पाहिलं नाही, एवढं त्यांचं मला कौतुक वाटलं. पण क्रेनच्या ड्रायव्हरने बिडी विझवली.

मी चाकाजवळ गेले. त्याच्या तोंडावर वर्षानुवर्षांच्या हळदकुंकवाचा आणि तेलाचा जाड थर बसला होता. फडकं रॉकेलमध्ये बुडवून मी तो पुसायला लागले. खालून लोखंडात ओतलेला एक बाण निघाला. बाण उलट्या दिशेचा होता.

फेरा म्हणजे प्रदक्षिणा. प्रदक्षिणा उजवीकडून घालायची असते, म्हणून सासरे गेल्यापासून या घराने चाक उजवीकडूनच फिरवलं होतं. भक्तीने आणि न चुकता. त्या दिशेने ठिणगी कधीच पडणार नव्हती.

भाच्याने बाण पाहिला आणि उलट्या बाजूने चाकाला हात घातला. बायने त्याचं मनगट धरलं.

"उलटा फेरा मयताला घालतात," ती म्हणाली.

मला वाद घालता आला असता. बाण दाखवता आला असता, पुस्तकातलं सांगता आलं असतं, आणि सभेत मी तेच केलं होतं. पण यंत्र तिचं होतं. माझ्या हट्टासाठी तिच्या हातून तिच्या सासऱ्यांच्या बंबाला मयताचा फेरा घालून घ्यायचा नव्हता. मी फडकं खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, "बाय, सासरे फिरवायला कुठे उभे राहायचे?"

मग तिने लुगडं सावरलं, बंबाला वळसा घालून पलीकडे गेली, बसायच्या परातीपाशी. खाडीच्या बाजूला पाठ करून उभी राहिली आणि गोल चाकाच्या दांड्यांमधून आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे अलीकडे, ती एकटी पलीकडे.

"हितं," ती म्हणाली. "हितं उभं ऱ्हायचं ते, नि हात असा घालायचं." तिने हवेत हात फिरवून दाखवला. मग भाच्याला हाक मारली. "ये रे हिकडं. हितून बघ. हितून सुलटाच हाय."

होता. एकाच चाकाचा फेरा अलीकडून उलटा दिसतो, पलीकडून सुलटा. शाळेत मी इंग्रजी शिकवत होते, भूमिती नव्हे. पण कुठल्याही वर्गात याहून चांगलं उत्तर मी ऐकलेलं नाही.

भाच्याने पलीकडून चाक ओढलं. बंबाने एक ठसका दिला आणि निळ्या धुराचा गोळा चेअरमनच्या पांढऱ्या सदऱ्यावर सोडला. दुसऱ्या ओढीला तो धडधडायला लागला. आवाज असा की भिंतीवरची पोरं खाली पडली आणि वरच्या मजल्यावरून कुणाची तरी कुंडी आली. मी हाताने खूण केली, भाच्याने पेट्रोल बंद करून रॉकेल सोडलं. आवाज एकदा अडखळला, आणि मग जड, संथ झाला, तसाच राहिला.

"चालू स्थितीत," मी चेअरमनना म्हटलं. मला ओरडावं लागलं.

"चालतोय कुठं, मॅडम? हुबा ऱ्हाऊन बोंबलतोय."

तेही बरोबर होतं. मी बायला परातीवर बसायला सांगितलं. ती चढली. भाच्याने बाजूला लटकून गिअर टाकला. बंब हलला. पुढे मी छत्री घेऊन रस्ता दाखवत, मागे बंब, त्यामागे गाव. लोखंडी दात नव्या काँक्रीटमध्ये रुतत होते आणि चेअरमन कडेकडेने "फरशी, फरशी" करत धावत होते. कोपऱ्यापासून माझ्या जागेपर्यंत तो स्वतःच्या पायांनी आला आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये थांबला. एक चाक रेषेबाहेर होतं. मी ते मागे घ्यायला लावलं.

क्रेन परत गेली. बाय खाली उतरली, सुनेला घरून बादली आणायला सांगितली. मधल्या टाकीतल्या पाण्यावर वाफ दाटली होती. खालची तोटी सोडून तिने बादली भरली, हात घालून पाहिला. "सासरं शेतावरनं आलं का पहिली आंगोल ह्याच्या पान्यानं," ती म्हणाली. "घरात सगल्यांना पुरायचं. बालंतिनीला बी हेच पानी. मंग बंब न्हाय तं काय म्हननार, मास्तरीनबाय?"

इतके दिवस मी त्या नावाला गावाची गैरसमजूत समजत होते. चेअरमननी बोट बुडवून पाहिलं आणि विचारलं, ए विंगला कनेक्शन मिळेल का.

पार्किंगचा स्टिकर त्यांनीच आणून दिला. तो अजून परातीच्या खाली चिकटलेला आहे. काँक्रीटमधल्या दातांच्या खुणा बुजवायचा ठराव दोनदा आला आणि दोनदा मी तो हाणून पाडला.

बाय आता नाही. तिच्या सुना दर खंडेनवमीला येतात, पलीकडून उभ्या राहतात, आधी दवा पाजतात, आणि त्या दिवशी दोन इमारतींतली मंडळी बादल्या घेऊन खाली येतात. अलीकडे इमारत पाडून नवी बांधायची बोलणी चालली आहेत. नव्या बिल्डरच्या माणसाने मला विचारलं की ते जुनं लोखंड कधी हटवणार. मी त्याला नियमाची प्रत दिली आणि सांगितलं की माझ्या जागेत माझं वाहन आहे, नव्या इमारतीतही त्याला जागा लागेल, तीही तळमजल्यावर, कारण ते तळघराच्या उतारावरून जात नाही. शंका असेल तर खंडेनवमीला या. येताना बादली आणा.